कर्करोगाची गाठ पुन्हा वाढली, म्हणजे औषध बोगस होतं का?

आमच्या औषध दुकानाच्या काउंटरवर हा प्रश्न नेहमी येतो. शंका रास्त आहे. बिलावरचा बॅच नंबर पाकिटाशी जरूर ताडून घ्या. पण बहुतेक वेळा औषध खरं असतं, बदललेल्या असतात त्या गाठीतल्या पेशी.

एक सेंटिमीटरच्या गाठीत ढोबळमानाने १०० कोटी पेशी धरतात. एवढ्यांत काही पहिल्यापासूनच वेगळ्या असू शकतात. औषधाने बाकीच्या मरतात, या उरतात आणि वाढतात. म्हणून डॉक्टर अनेकदा दोन-तीन औषधं एकत्र देतात. टीबीत चार औषधं एकदम देण्यामागेही हेच कारण आहे.

काही पेशी आत आलेलं औषध बाहेर उपसतात. पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा हा पंप १९७६ साली सापडला. डॉक्सोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल, व्हिन्क्रिस्टिन ही केमोची वेगवेगळी औषधं तो एकटा फेकून देतो. पंप बंद पाडणारी औषधं करून पाहिली, पण हाच पंप आपल्या आतड्याची आणि मेंदूची विषापासून राखण करतो. तो अडवला की केमोचा त्रासच वाढला. त्यामुळे ‘केमोला परत लागू पाडणारी’ पावडर कोणी विकत असेल, तर कृपा करून घेऊ नका.

खरं यश मिळालं ते दुसरीकडे. सीएमएल या रक्ताच्या कर्करोगात २००१ साली इमॅटिनिब आलं. ते जिथे बसतं ती जागाच काही पेशींनी बदलली, तेव्हा डॅसॅटिनिब आणि निलोटिनिब आली. टी३१५आय हा जनुकातला बदल त्या दोन्हींना जुमानत नाही, त्यावर पोनॅटिनिब आहे. फुप्फुसाच्या कर्करोगात टी७९०एम बदल आढळला, तर ओसिमर्टिनिब देता येतं. म्हणून औषध थकलं असं वाटलं, की पुन्हा बायोप्सी किंवा जनुक तपासणी करायची का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. सोलापुरात सोय नसली तरी नमुना बाहेरच्या लॅबला पाठवता येतो.

आणि गोळी चुकवू नका. पैशांची ओढाताण असेल तर डोस निम्मा करण्याआधी डॉक्टरांशी बोला, आम्हालाही सांगा, स्वस्त जेनेरिक असेल तर दाखवू. अर्धवट डोसात चिवट पेशींनाच फावतं. एर्लोटिनिब ही फुप्फुसाच्या कर्करोगाची गोळी चालू असेल तर बिडी-सिगारेट पूर्ण बंद हवी, धुराने त्याचं रक्तातलं प्रमाण घटतं. पॅन्टोप्राझोलसारखी ॲसिडिटीची गोळी डॅसॅटिनिब, एर्लोटिनिब नीट शोषू देत नाही. ती घेत असाल तर गोळ्या नेताना आम्हाला सांगा.