सुटी वीट हाती येईपर्यंत

गोव्यात स्वतःच्या हातानं काहीतरी मोठं उभं करण्याची हौस कुणाला शिकवावी लागत नाही. चवथीचे हलते देखावे, दिवाळीच्या आदल्या रात्रीचे नरकासुर, नाताळातले गोठे, शिगम्याचे चित्ररथ. वर्षभर कुठल्या ना कुठल्या वाड्यावर बांबू, कागद आणि तारेचा पसारा पडलेलाच असतो. तरीही लेगोच्या, एकमेकींत अडकणाऱ्या प्लास्टिकच्या विटांत आपल्या डोक्यातलं मॉडेल बांधणारे इथं मोजकेच भेटतात. का, असं विचारलं तर ‘महाग पडतं’ हे उत्तर येतं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. बांबू आणि कागद हवा तेवढा, हवा त्या मापाचा आणता येतो. वीट तशी मिळत नव्हती. ती डब्यातून यायची आणि डब्यात काय घालायचं ते दुसऱ्यानंच ठरवलेलं असायचं. म्हणूनच या छंदाचा इतिहास मला कल्पकतेपेक्षा पुरवठ्याचा जास्त वाटतो.

सुरुवात डेन्मार्कमधल्या बिलुंड या खेड्यात झाली. ओले कर्क क्रिस्तियानसेन हे तिथले सुतार. १९३२ साली मंदीच्या दिवसांत घरबांधणीची कामं आटली, तेव्हा त्यांनी लाकडी खेळणी करायला घेतली. लेगो हे नाव दोन वर्षांनी आलं. दुसरं महायुद्ध संपल्यावर त्यांनी प्लास्टिक साच्यात दाबून भरणारं यंत्र घेतलं आणि १९४९ साली पहिल्या विटा बाजारात आणल्या. कल्पना त्यांची नव्हती. इंग्लंडमध्ये किडीक्राफ्ट नावाच्या कंपनीचे हिलरी फिशर पेज अशा विटा आधीपासून विकत होते. बिलुंडकरांनी त्या पाहिल्या, थोडा फेरफार केला आणि आपल्या म्हणून काढल्या. पुढं १९८१ साली त्यांनी किडीक्राफ्टच्या विटांचे हक्कच विकत घेऊन टाकले. म्हापशाच्या बाजारातल्या स्वस्त विटांना नकली म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

त्या पहिल्या विटा आतून पोकळ होत्या. एकीवर एक बसायच्या, पण पकड नव्हती. भिंत जरा उंच झाली की धक्क्यानं कोसळायची. ओले यांचे चिरंजीव गॉटफ्रेड यांनी २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी जो अर्ज केला, तो या पकडीसाठी होता. विटेच्या पोटात नळ्या घातल्या. खालच्या विटेचा गोल उंचवटा, म्हणजे स्टड, वरच्या विटेची भिंत आणि नळी यांच्या मधोमध अडकू लागला. त्यामुळे वीट एक स्टड सरकवून, आडवी करून, निम्मी बाहेर काढून कशीही लावली तरी घट्ट राहू लागली. स्वतःचं मॉडेल ‘डिझाइन’ करण्याची शक्यता खरी इथून सुरू होते. त्या वर्षीची वीट आजच्या विटेवर बसते, कारण माप तेव्हापासून हललेलं नाही. १९६३ साली सेल्युलोज ॲसिटेट जाऊन एबीएस हे प्लास्टिक आलं. आधीचं प्लास्टिक कालांतरानं वाकायचं, एबीएस माप धरून राहतं.

मापाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण बांधणाऱ्याचं निम्मं डोकं त्यातच जातं. एका स्टडपासून दुसऱ्या स्टडचं अंतर ८ मिलिमीटर. विटेची उंची ९.६ मिलिमीटर. पातळ प्लेट तिच्या तिसऱ्या हिश्श्याची, ३.२ मिलिमीटर. म्हणजे पाच प्लेटा एकावर एक ठेवल्या की १६ मिलिमीटर होतात आणि दोन स्टडांची रुंदीही १६ मिलिमीटरच. या एका जुळणीमुळे वीट आडवी पाडून, स्टड बाजूला वळवून भिंतीत बसवता येते. बांधणारे या युक्तीला ‘स्नॉट’ म्हणतात, म्हणजे ‘स्टड्स नॉट ऑन टॉप’, स्टड वरच्या बाजूला नाहीत. खिडकीची नक्षी, दाराची महिरप, देवळाच्या भिंतीवरचे पट्टे, सगळं तिच्यातून निघतं. गंमत म्हणजे आडव्या बांधणीला लागणारे तुकडे कंपनीनं भलत्याच कामासाठी काढले होते. ४०७० क्रमांकाची ती चिमुकली वीट, जिच्या कुशीवर एक स्टड आहे, १९८० च्या सुमारास मोटारीचे दिवे लावण्यासाठी आली. आज ती भिंतींत शेकड्यानं वापरली जाते.

शक्यता किती याचाही हिशेब झाला आहे. आठ स्टडांच्या एकाच रंगाच्या सहा विटा जोडायच्या किती रीती? कंपनी बरीच वर्षं १०,२९,८१,५०० हा आकडा सांगायची. कोपनहेगन विद्यापीठातले गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी लक्षात आणून दिलं की यात फक्त सहा विटांइतके उंच मनोरेच मोजले आहेत. सगळ्या रचना धरल्या तर आकडा ९१,५१,०३,७६५ होतो.

आता मूळ मुद्दा. सुरुवातीला सगळेच स्वतःचं बांधत होते, दुसरा पर्यायच नव्हता. १९५४ साली इंग्लंडच्या प्रवासात बोटीवर एका खरेदीदारानं गॉटफ्रेड यांच्याकडं तक्रार केली की खेळण्यांच्या धंद्यात पद्धत म्हणून काही नाही. त्यावर विचार करून १९५५ साली त्यांनी शहराचा आराखडा, घरं, गाड्या अशी एकमेकांत बसणारी ‘पद्धत’ आणली. त्यातही तुम्ही काय बांधावं हे तुमच्यावर सोडलेलं होतं. बांधणीच्या सूचना डब्यात घालून विकणं १९६४ साली सुरू झालं. धंद्याच्या दृष्टीनं हे चोखच होतं. चित्रावर जे आहे ते नक्की बनणार, म्हणून गिऱ्हाईक खूश. पण त्या कागदामुळे वीट चित्राची बांधील झाली. १९७८ साली हातपाय हलणारा छोटा माणूस आला, किल्ला आणि अंतराळ असे विषय आले आणि प्रत्येक डबा एक गोष्ट बनला.

याच काळातली मोठ्या माणसांसाठीची एक खटपट फारशी कुणाला आठवत नाही. गॉटफ्रेड यांना स्वतःच्या घराचा नमुना विटांत करायचा होता. नेहमीच्या विटेचं ८ आणि ९.६ हे प्रमाण वास्तूच्या नकाशाशी जुळेना. म्हणून ५ मिलिमीटरच्या मापावर बेतलेली वेगळी लहान वीट काढली आणि १९६३ साली मॉड्युलेक्स ही स्वतंत्र कंपनी झाली. वास्तुरचनाकार या विटांवर उड्या घालतील ही अपेक्षा फोल ठरली आणि मॉड्युलेक्स पुढं पाट्या आणि फलकांच्या धंद्याकडं वळली. माझ्या नजरेत या छंदाचा पहिला प्रौढ माणूस मालकच होता, आणि त्याचीही अडचण तीच, हवा तो तुकडा नव्हता.

ही अडचण सुटली ती कंपनीबाहेर. १९९५ साली ऑस्ट्रेलियातल्या जेम्स जेसिमन या तरुणानं एलड्रॉ नावाची संगणकप्रणाली लिहिली. तिच्यात प्रत्येक विटेला क्रमांक, प्रत्येक रंगाला क्रमांक आणि मॉडेल म्हणजे ओळींची यादी. कुठला तुकडा, कुठला रंग, कुठल्या जागी. एका स्टडपासून दुसऱ्या स्टडचं अंतर २० एकक, विटेची उंची २४, प्लेटची ८. इतकं साधं. जेसिमन १९९७ साली अकाली वारले, पण तुकड्यांचं ते भांडार हौशी लोक आजतागायत वाढवत आले आहेत. त्यामुळे पहिल्यांदाच एकही वीट हाती नसताना मॉडेल रचता येऊ लागलं.

रचता आलं, पण विटा आणायच्या कुठून? २००० साली डॅन येझेक यांनी ब्रिकलिंक हा बाजार काढला. जगभरचे छोटे विक्रेते डबे फोडून तुकडे वेगळे करतात आणि एकेक सुटा विकतात. तपकिरी कौलाचे दोनशे स्लोप, म्हणजे उतरत्या विटा, हव्यात? दोनशेच घ्या. याच्याआधी त्या दोनशेंसाठी किती डबे फोडावे लागले असते याचा विचार करा. आपल्या संग्रहात काय आहे ते सांगितल्यावर त्यातून आणखी काय बांधता येईल याची यादी देणाऱ्या सोयी नंतर आल्या. एक डबा मोडून त्याच्याच विटांतून दुसरं काही बांधायचं हा खेळ त्यातूनच फोफावला.

कंपनी या सगळ्यात मागून आली. २००३–०४ मध्ये ती बुडण्याच्या बेतात होती. सावरताना तिनं मोठ्या माणसांकडं वळून पाहिलं. २००७ साली कॅफे कॉर्नर हा दोन हजारांवर तुकड्यांचा कोपऱ्यावरचा चहाघराचा वाडा आला आणि त्याचा रचनाकार आधी हौशी बांधणाराच होता. पुढच्या वर्षी ताजमहाल आला, ५,९२२ तुकड्यांचा. लोकांनी रचना सुचवायची आणि पुरेशी मतं मिळाली की कंपनी तिचा विचार करणार, ही योजना आधी जपानात चालली, मग जगभर गेली. शेवटी २०१९ साली कंपनीनं ब्रिकलिंकच विकत घेतलं. ब्रिकलिंकची स्टुडिओ ही संगणकावर मॉडेल रचण्याची प्रणाली आज फुकट मिळते आणि तिच्यात रचलेल्या मॉडेलची खरेदीयादी आपोआप तयार होते.

गोव्यापर्यंत हे कसं पोचलं? सत्तर–ऐंशीच्या दशकांत परदेशी खेळणं घरात येण्याची वाट म्हणजे आखातातला काका, नाहीतर बोटीवरचा मामा. सुट्टीवर येताना ते एखादा डबा आणायचे. बाकीच्यांच्या वाट्याला देशी ब्लॉक्स, किंवा पत्र्याच्या पट्ट्या आणि नटबोल्टचं मेकॅनिक्स. मामानं आणलेल्या डब्यातलं यान एकदाच बांधलं जायचं आणि शोकेसमध्ये जायचं. मोडायला आई द्यायची नाही. हे हसण्यावारी नेऊ नये. मोडू न देणं हेच आपल्याकडं या छंदाच्या मुळावर आलं, आणि त्याचं कारण पुन्हा तेच. एक तुकडा सोफ्याखाली गेला तर दुसरा आणणार कुठून?

पेटंटची मुदत संपल्यावर इतर कंपन्यांनी तशाच विटा काढल्या. विटेचा आकार हेच आपलं व्यापारचिन्ह आहे असा दावा लेगोनं केला, पण २०१० साली युरोपीय न्यायालयानं तो फेटाळला. स्टड हे कामाचे आहेत, त्यांची मक्तेदारी चिन्हाच्या वाटेनं मिळणार नाही, असा निकालाचा गाभा. चिनी विटांचे किलोवारी पुडे त्यामुळे निर्धास्तपणे जगभर फिरू लागले आणि आपल्याकडंही आले. मग सरकारनं खेळण्यांवरची आयात जकात २०२० साली २० वरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ साली ७० टक्क्यांवर नेली. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. मुलांच्या सुरक्षिततेसाठी ते योग्यच आहे, पण एकेक सुटा तुकडा मागवणाऱ्या हौशी माणसाला ही दारं अरुंदच झाली.

म्हणून इथला बांधणारा नवं घेण्याआधी जुनं जुळवतो, आणि त्यातही फसगती आहेत. मामाच्या काळातली राखाडी वीट आज बनत नाही. २००४ च्या सुमारास कंपनीनं राखाडी आणि तपकिरी हे रंग बदलले, नव्या राखाडीत निळसर झाक आहे. जुनं यान पुन्हा उभं करताना हरवलेल्या दोन विटांच्या जागी नव्या लावल्या तर ठिगळ लांबूनही दिसतं. नंतरच्या लालसर तपकिरी विटा काही वर्षं इतक्या ठिसूळ निघाल्या की काढताना कड तुटते. कौलारू घर करणाऱ्याला नेमका तोच रंग लागतो. पांढरी वीट आपल्या खिडकीतल्या उन्हात पिवळी पडते, कारण अतिनील किरणांनी एबीएसचं रसायन बदलतं. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पाण्यात बुडवून पुन्हा उन्हात ठेवली की बरीचशी उजळते, पण कायमची नाही.

आपल्या वास्तूंचे प्रश्न वेगळेच. मंगेशीच्या सात मजली दीपमाळेचंच घ्या. आपल्या देवळांतल्या दीपमाळांचे मजले बहुधा अष्टकोनी, आणि वीट तर काटकोनाची. इथं एक जुना हिशेब मदतीला येतो. बाजू सात स्टडांची धरली आणि कोपरा पाच-पाच स्टडांनी कापला, तर तिरकी बाजू पन्नासाचं वर्गमूळ, म्हणजे ७.०७ येते. सातच्या इतकी जवळ की बिजागरीच्या प्लेटवर सात स्टडांची भिंत तिरकी बसून जाते. पण मजला चढता लहान व्हायला हवा, आणि सहाच्या बाजूला असा सोपा जोड नाही. तिथं फटी लपवाव्या लागतात किंवा वरचे मजले गोल विटांचे करून डोळ्यांना फसवावं लागतं. मी दुसऱ्या पक्षाचा. मॉडेल लहान ठेवलं तर अष्टकोन आणि गोल यांतला फरक कुणी मोजत बसत नाही.

त्यापेक्षा तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ घ्यावं. बाराव्या शतकातलं, कदंबांच्या काळचं, जांभ्या चिऱ्याऐवजी काळ्या बेसॉल्टचं. आकारानं छोटं, शिखर पायऱ्यापायऱ्यांचं, पाठीमागं हिरवं रान. गडद राखाडी विटा अंतराळाच्या आणि किल्ल्याच्या बऱ्याच डब्यांत असतात, त्यामुळे भिंती आणि शिखर घरातल्या विटांतच होऊन जाईल. विकत घ्यावे लागतील ते नंदीमंडपाच्या खांबांसाठीचे गोल तुकडे, आणि ते आधी स्टुडिओत मोजून घेतले तर एकाच मागणीत भागतं.