बॉटल ग्रीन भिंतीची जुनी गोष्ट

सध्या बऱ्याच घरांत हॉलची एक भिंत बॉटल ग्रीन करतात आणि मला तो रंग मनापासून आवडतो, म्हणून त्याची पार्श्वभूमी लिहितेय, कारण हा हिरवा भिंतीवर टिकवायला लोकांनी फार खस्ता खाल्ल्यात.

पानाचा रस भिंतीला फासला तर थोड्या दिवसांत मातकट होणार, त्यामुळे जुना झळझळीत हिरवा यायचा तांब्यातून. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक राहिलं की कळकतं आणि कडेला हिरवट चढतं ना, साधारण तेच युरोपात मुद्दाम करायचे, तांब्याचे पत्रे व्हिनेगरच्या वाफेवर ठेवायचे आणि वर आलेला थर खरवडून घ्यायचे. आपल्याकडे त्याला जंगाल म्हणतात. जॉर्ज वॉशिंग्टनने 1785 च्या सुमारास माउंट व्हर्नन ह्या आपल्या घरातली छोटी डायनिंग रूम ह्याच रंगाने रंगवून घेतली, हिरवा डोळ्याला सुखावतो असं त्याचं मत होतं. पण तेलात कालवलेलं जंगाल वर्षं जातील तसं काळपट तपकिरी पडतं.

त्याच सुमारास, 1775 मध्ये, स्वीडनच्या कार्ल शीलने तांबं आणि आर्सेनिक, म्हणजे आपल्या सोमलातलं विष, एकत्र करून स्वस्त हिरवा काढला, 1814 मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्टला त्याहून गडद आणि टिकाऊ प्रकार निघाला आणि मग वॉलपेपर, कापड, कागदी फुलं, सगळं हिरवं झालं. 1839 मध्येच जर्मन केमिस्ट लिओपोल्ड ग्मेलिनने सांगितलं होतं की ओल आलेल्या खोल्यांत ह्या कागदाला उंदरासारखा वास येतो, लावू नका. तरी पुढची कित्येक वर्षं तो विकला गेला. इंग्लंडचा प्रसिद्ध डिझायनर विल्यम मॉरिस ह्याच्या सुंदर वॉलपेपरांतही आर्सेनिक होतं आणि ते जिथे निघायचं त्या इंग्लंडमधल्याच डेव्हनच्या खाणीचा तो काही काळ डायरेक्टरही होता. शेवटी 1890 च्या दशकात इटलीच्या गोसिओने दाखवलं की ओलीत वाढलेली बुरशी त्या रंगापासून विषारी गॅस तयार करते. त्या खोल्यांत लहान मुलं झोपायची, हे वाचताना अजून पोटात कालवतं.

सुटका केली क्रोमियमने. 1859 मध्ये फ्रान्समध्ये गिन्येने व्हिरिडियनचं, म्हणजे क्रोमियमपासून केलेल्या हिरव्याचं, पेटंट घेतलं, तो रंग उत्तम पण महाग, म्हणून दारं-खिडक्या-रेलिंगला चालला तो प्रशियन ब्लू आणि क्रोम यलो मिसळून केलेला गडद हिरवा. त्यातल्या पिवळ्यात शिसं असतं. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची 90 पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांची, मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, तेव्हा जुन्या वाड्यातलं हिरवं ऑइलपेंटचं दार कोरडं घासायला घेणार असाल तर प्लीज थांबा, ओलं करून घासा, मास्क लावा आणि मुलांना तिथे फिरकू देऊ नका.

1930 च्या दशकात थॅलो ग्रीन हा कृत्रिम हिरवा आला आणि गंमत म्हणजे त्यातही तांबंच आहे, फक्त रेणूच्या मधोमध इतकं घट्ट अडकलेलं की ओलीने, उन्हाने सुटत नाही. आज दुकानातल्या मशीनमधून डब्यात जो गडद हिरवा पडतो त्यात बऱ्याचदा हाच असतो, आणि अशा शेडच्या बेसमध्ये, म्हणजे ज्या मूळ पेंटमध्ये मशीन रंग सोडतं त्यात, पांढरा अगदी कमी किंवा नसतोच, त्यामुळे पहिला हात मारल्यावर भिंत ठिगळं लावल्यासारखी दिसते, तेव्हा रंगाऱ्यावर चिडू नका, तिसऱ्या हाताला ती भरून येते.