गिधाडं टॉवरनं मारली नाहीत

साताऱ्यात कुठल्याही पारावर बसा, कुणीतरी सांगणारच, "मोबाइलचे टॉवर आले अन् गिधाडं गेली." चिमण्यांच्या नावानंही हेच खपवतात, ते असो. राजस्थानात भरतपूरला गिधाडं माना टाकून मरताना दिसली ती नव्वदच्या दशकात. तेव्हा माण-खटावात साधा लँडलाइन असला तरी कौतुक होतं.

खरं कारण गोठ्यातलं. दुखण्यावर जनावराला टोचलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. ते जनावर मेलं, गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. मेलेलं गिधाड उघडलं तर आतले अवयव खडू फासल्यासारखे पांढरे, युरिक आम्लानं माखलेले. २००४ मध्ये हे सिद्ध झालं, २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आली. पण माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या तीन मिलीवर आणल्या. मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक मात्र गिधाडांना सुरक्षित आहे.

म्हणून पक्षीमित्र फक्त आकाशात बघत नाहीत. दुर्बिणीतून कड्यावर गिधाडांच्या विष्ठेचे पांढरे ओघळ शोधायचे, ताजे की जुने ते लिहायचं, आणि उतरताना गोठ्यात विचारायचं, "दादा, म्हशीला इंजेक्शन कुठलं दिलं?" एकही गिधाड दिसलं नाही तरी ती नोंद करायचीच.