संवेदी एकात्मीकरण आणि बहुसंवेदी सराव : साहित्य तेच, उपचार वेगळे

सोलापुरात सेरेब्रल पाल्सी (लहान वयात मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालीत येणारा बिघाड) असलेल्या मुलांचे पालक एकमेकांशी बोलू लागले की ‘आमची सेन्सरी थेरपी चालू आहे’ हे वाक्य हमखास कानावर येते. या एका नावाखाली प्रत्यक्षात दोन वेगळे उपचार चालतात. दोन्हींत झोका, आरसा, ज्वारीची परात आणि घुंगरू असतात, त्यामुळे बाहेर बाकावर बसलेल्या आईला फरक दिसत नाही. पण अक्कलकोटहून किंवा बार्शीहून आठवड्यातून दोनदा एसटीने येणाऱ्या कुटुंबाने आपला वेळ आणि पैसा कशावर खर्च करावा, हे या फरकावरच ठरायला हवे, असे व्यवसायोपचाराचे (ऑक्युपेशनल थेरपीचे) काम करताना मला वारंवार वाटते.

पहिला उपचार म्हणजे संवेदी एकात्मीकरण. अमेरिकेतील व्यवसायोपचारतज्ज्ञ ए. जीन एअर्स यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची मांडणी केली आणि तिचा मुख्य रोख शिकण्यात अडचणी येणाऱ्या मुलांवर होता. तोल, स्पर्श आणि सांध्यांची जाण यांतून येणारी माहिती मेंदूला नीट जुळवता येत नसेल, तर झोके, दाब आणि स्पर्श यांचे खेळ द्यावेत, म्हणजे ती जुळणी सुधारेल आणि पुढे वागणे, शिकणे व हालचाल यांवर तिचा परिणाम दिसेल, अशी त्यामागची कल्पना आहे. हालचाल येथे परिणाम म्हणून अपेक्षित असते. ठरावीक कामाचा सराव त्यात नसतो.

दुसरा उपचार म्हणजे बहुसंवेदी सराव. तो उलट्या टोकापासून सुरू होतो. मुलाला स्वतःला जे काम जमायला हवे आहे ते आधी ठरते, त्याच कामाचा सराव होतो, आणि डोळे, कान, त्वचा यांची मदत त्या सरावाला लागेल तेवढीच घेतली जाते. या मदतीला भक्कम कारण आहे. सेरेब्रल पाल्सी ही हालचालीची आणि शरीराच्या ठेवणीची अवस्था असली, तरी तिच्यासोबत संवेदना आणि आकलन यांतही अनेकदा बिघाड असतो, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय व्याख्येतच नमूद आहे. शरीराची एक बाजू बाधित असलेल्या अनेक मुलांना खिशात हात घातल्यावर हाताला लागले ते नाणे की बटण, हे न पाहता सांगता येत नाही. ज्या हाताकडून मेंदूला पुरेशी खबर मिळत नाही, त्याची खबर डोळ्यांनी किंवा कानांनी पुरवणे हा या पद्धतीचा गाभा आहे.

ज्वारीच्या परातीचेच उदाहरण घ्या. पहिल्या उपचारात मूल दाण्यांत हात घालून ते चाळवते, कारण तो स्पर्शच हवा असतो. दुसऱ्यात त्याच दाण्यांत पाच रुपयांचे नाणे लपवलेले असते, मुलाने आधी पाहून आणि मग डोळे मिटून ते शोधायचे असते, कारण बसमध्ये तिकिटाचे पैसे स्वतः काढायचे, हे त्याने ठरवलेले असते.

माझ्याकडे येणाऱ्या पंधरा वर्षांच्या एका मुलाची डावी बाजू बाधित आहे. गणेशोत्सवाच्या आधी पेठांतून संध्याकाळी लेझीमचा सराव चालतो आणि त्याला त्यात उभे राहायचे होते. लाकडी दांडा डाव्या हातात आणि साखळीची मूठ उजव्या हातात धरली की नजर समोर जाताच त्याची डावी मूठ सैल पडायची आणि ते त्याला समजतही नसे. आम्ही दांड्याला खरखरीत सुतळी गुंडाळली, बोटे कोठे यावीत तेथे लाल चिकटपट्टी लावली, आरशासमोर उभे केले आणि हलगीचा ठेका अगदी संथ ठेवला. मूठ ढिली झाली की चकत्यांचा आवाज फिसकटतो, हे त्याच्या ध्यानात आले, त्या दिवसापासून चूक दाखवायला त्याला माझी गरज उरली नाही. आधार हळूहळू काढून घ्यायचा असतो, हेही येथेच सांगायला हवे. कायम राहिलेला आधार म्हणजे नवी कुबडी.

पुरावा काय सांगतो? संशोधक इओना नोवाक आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सेरेब्रल पाल्सीवरील उपचारांचा व्यापक आढावा घेतला. त्यात संवेदी एकात्मीकरण परिणामकारक नसलेल्या उपचारांत गणले गेले, तर ठरावीक कामाचा सराव आणि दोन्ही हातांचे सघन प्रशिक्षण परिणामकारक ठरले. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही उद्दिष्ट मुलाने निवडावे, संपूर्ण कामाचा सराव करावा आणि तो शक्यतो घरात, शाळेत, गल्लीत व्हावा, असेच सांगतात. हाताच्या एखाद्या निवडलेल्या कामासाठी साधारण १४ ते २५ तासांचा सराव लागतो. घरचा सरावही त्यात धरता येतो, म्हणून एसटीच्या फेऱ्या वाढवण्याआधी त्याचा विचार करावा.

मात्र ज्ञानेंद्रिये जितकी जास्त तितके चांगले, हा समज घातक आहे. मेंदूच्या पातळीवर दृष्टीचा बिघाड असलेल्या मुलाला एकाच वेळी दिवे, आवाज आणि स्पर्श दिले, तर तो पाहणेच सोडून देऊ शकतो. ताठरपणा असलेले मूल अचानक आवाजाने दचकते आणि त्याचे स्नायू आणखी आखडतात. फिट येत असतील तर चमकणाऱ्या दिव्यांबाबत डॉक्टरांना आधी विचारणे आवश्यक आहे. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात सुरू झालेली स्नूझेलेन नावाची रंगीत दिव्यांची खोलीही कधीकधी ‘सेन्सरी थेरपी’ याच नावाखाली दाखवली जाते. ती मन शांत करण्यासाठी आहे, तिला हालचालींचा उपचार समजू नये.

तेव्हा पालकांनी परात, झोका किंवा आरसा यांकडे पाहून ठरवू नये. ‘ताई, हे कोणत्या कामासाठी आहे आणि ते जमले हे आपल्याला कधी व कसे कळेल?’ एवढा एक प्रश्न विचारावा आणि उत्तरात मुलाने निवडलेले काम आहे का, ते पाहावे.

त्या मुलाच्या दांड्यावरची सुतळी आम्ही काढली आहे. लाल चिकटपट्टी अजून आहे, आणि हलगीचा वेग मंडळाच्या ठेक्याच्या जवळ येऊ लागला आहे.