डिकीतल्या मेखांपासून हार्नेसच्या खटल्यांपर्यंत: गिर्यारोहणाच्या सामानाच्या धंद्याची पार्श्वभूमी

आमच्या ट्रेकिंग ग्रुपमधला एक मित्र वर्षभर झालं पुण्यात घराच्या वरच्या खोलीत जुकी मशीन टाकून सॅक शिवतोय. चांगल्या शिवतो, मी स्वतः त्याची सॅक घेऊन दोन पावसाळे सह्याद्रीत फिरलोय आणि एक टाका उसवला नाही. आता त्याला क्लायंबिंगचे हार्नेस, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधून दोर अडकवायचे पट्टे, करायचेत, वेबिंग (जाड विणलेली पट्टी) कुठलं घेऊ, बार-टॅक मशीन (एकाच जागी घट्ट टाके घालणारं) सेकंडहँड मिळेल का, असं तो सगळ्यांना विचारत फिरतोय. मला वाटलं की त्याआधी हा धंदा मुळात कुठून आला आणि कुठे कुठे अडला ते एकदा नीट लिहून काढावं, कारण त्याला जो प्रश्न पडलाय तोच साठेक वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात काही पोरांना पडला होता आणि त्यांचं पुढे काय झालं हे माहीत असणं गरजेचं आहे.

सुरुवात एका लोहारापासून करतो. जॉन सालाथे, जन्म १८९९, मूळचा स्वित्झर्लंडचा, अमेरिकेत येऊन सॅन मटेओला लोखंडी ग्रिल वगैरे बनवायचा. हा माणूस चढाईकडे वळला तोच पंचेचाळिशीच्या आसपास. तेव्हा चढाईत वापरायच्या मेखा, म्हणजे आपण ज्याला पिटॉन म्हणतो त्या, युरोपातून यायच्या आणि मऊ लोखंडाच्या असायच्या. आल्प्समधल्या चुनखडीच्या भेगा वेड्यावाकड्या असतात, तिथे मऊ मेख भेगेचा आकार घेते आणि एकदा ठोकली की तिथेच राहते, म्हणून तिकडे ते चालून जायचं. पण कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्याचा ग्रॅनाइट कडक, भेगा सरळ आणि कडे हजार-हजार मीटरचे, तिथे मऊ मेख ठोकली की वाकते, काढताना अजून वाकते, आणि वरच्या अर्ध्या कड्याला पुरतील इतक्या मेखा कोण वाहून नेणार! सालाथेने कडक पोलादाच्या मेखा घडवल्या. फोर्डच्या जुन्या मॉडेल-ए गाडीच्या ॲक्सलचं पोलाद त्याने वापरलं असं सांगतात. त्या ठोकायच्या, काढायच्या, परत वर ठोकायच्या. १९४७ मध्ये त्याने ॲक्स नेल्सनला घेऊन योसेमिटीतली लॉस्ट ॲरो चिमणी (कड्यातली माणूस मावेल एवढी रुंद भेग) चढली ती ह्याच मेखांच्या जोरावर.

सालाथेने ह्याचा धंदा असा केला नाही. ते काम केलं इव्हॉन शुनार्डने, आणि मला ही गोष्ट कितीदाही सांगायला आवडते.

शुनार्ड १९३८ चा. कॅलिफोर्नियात बरबँकला वाढला, ससाणे पाळणाऱ्यांच्या क्लबात होता, ससाण्यांची घरटी कड्यावर म्हणून दोराने खाली उतरायला शिकला आणि मग वर चढायला लागला. १९५७ मध्ये, म्हणजे एकोणिसाव्या वर्षाच्या आत, त्याने भंगारवाल्याकडून कोळशाची भट्टी, ऐरण, सांडशी आणि हातोडे आणले आणि लोहारकाम स्वतःचं स्वतः शिकला. पहिल्या मेखा शेतातल्या कापणी यंत्राच्या जुन्या पात्यापासून केल्या, त्या घेऊन स्वतः योसेमिटीत चढून आला, मग मित्रांनी मागितल्या, मग मित्रांच्या मित्रांनी. तासाला दोन मेखा व्हायच्या, किंमत दीड डॉलर. युरोपातली मेख वीसेक सेंटला मिळायची म्हणजे ह्याची सात-आठ पट महाग, तरी लोक घ्यायचे कारण ती पुन्हा पुन्हा वापरता यायची आणि ती ज्याने घडवलीये तो स्वतः तिच्यावर लटकलाय हे सगळ्यांना माहीत होतं. ह्या धंद्यातली जाहिरात म्हणाल तर एवढीच.

कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची स्प्रिंगची कडी, करायला डाय (घडवायचा साचा) लागत होती, त्यासाठी त्याने आईवडिलांकडून ८२५ डॉलर ३५ सेंट उसने घेतले. दुकान नव्हतंच. बरीचशी अवजारं हलवता येण्यासारखी, त्यामुळे समुद्रकिनाऱ्याने फिरत सर्फिंग करायचं, मध्येच गाडीतून ऐरण उतरवून काम करायचं, हिवाळ्यात घडवायचं आणि एप्रिल ते जुलै योसेमिटीत गाडीच्या डिकीतून माल विकायचा. नफा इतका कमी की दिवसाला अर्ध्या-एका डॉलरवर राहायचा, एका उन्हाळ्यात तर पत्र्याला पोचे पडलेले मांजराच्या खाण्याचे डबे स्वस्तात मिळाले म्हणून तेच खाल्ले. १९६४ मध्ये पहिली यादी काढली, एका पानाची, सायक्लोस्टाइल केलेली, आणि त्यात सरळ लिहिलं की मे ते नोव्हेंबर माल लवकर मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. गिऱ्हाईक चिडलं नाही कारण गिऱ्हाईक पण त्याच महिन्यांत त्याच कड्यावर असायचं.

हे फक्त मेखांच्याच बाबतीत झालं असं नाही. १९३८ मध्ये सिएटलचे लॉइड आणि मेरी अँडरसन ह्यांनी बर्फातली कुऱ्हाड गावात महाग पडते म्हणून थेट ऑस्ट्रियातून मागवली, साडेतीन डॉलरला पडली, मग मित्रांसाठी पण मागवायला लागले आणि त्यातून आरईआय ही सहकारी संस्था झाली. आपल्याकडे दूध आणि साखरेच्या सोसायट्या झाल्या तशी ही चढाईच्या सामानाची, सभासदांच्या मालकीची. १९५२ मध्ये कॅलिफोर्नियातच डिक केल्टी आणि नेना केल्टी ह्यांनी घरी सॅक करायला घेतल्या, तो ॲल्युमिनियमच्या नळ्या वाकवून फ्रेम करायचा आणि ती कापड शिवायची, पहिल्या वर्षी विकल्या २९ सॅक. कमरेच्या पट्ट्यावर वजन घेणारी सॅक आज आपण सगळे वापरतो, ती लोकांच्या पाठीवर रुळवण्यात ह्या नवराबायकोचा वाटा मोठा आहे. कोणाकडेच गुंतवणूकदार वगैरे नव्हते, आधी स्वतःची अडचण होती आणि मग माल आला.

परत शुनार्डकडे येतो. १९६५ मध्ये टॉम फ्रॉस्ट भागीदार झाला, हा विमान इंजिनियर आणि जबरदस्त क्लायंबर, आणि त्याची पत्नी डोरीन पण धंद्यात आली. दोघांची दृष्टी अशी की वस्तूत अजून काढून टाकण्यासारखं काही उरलं नाही तेव्हाच ती पूर्ण झाली. दोघांनी जवळजवळ प्रत्येक अवजार नव्याने केलं, हलकं केलं, मजबूत केलं. बस्तान व्हेंचुराला हलवलं, तिथे एका जुन्या कत्तलखान्याजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये कारखाना. १९७० पर्यंत शुनार्ड इक्विपमेंट ही अमेरिकेत चढाईचं लोखंडी सामान विकणारी सगळ्यात मोठी कंपनी झाली होती. नफा मात्र वर्षाला एखाद टक्का, कारण अवजारं सतत बदलायची आणि तीन वर्षं चालेल असं धरून आणलेली डाय वर्षात भंगारात जायची.

आणि इथे खरी अडचण आली. कडक मेखेचा गुण हाच तिचा दोष निघाला. ती ठोकायची आणि काढायची, आणि दर वेळी भेगेचा थोडा दगड उडायचा. दहा-वीस जणांनी चढलं तर कळत नाही, पण साठच्या दशकात योसेमिटीत गर्दी झाली आणि लोकप्रिय मार्गांवरच्या भेगा खणल्यासारख्या झाल्या, एकसारख्या रांगेने भोकं. शुनार्ड योसेमिटीतल्या एल कॅपिटन ह्या कड्याच्या नोज मार्गावर गेला तेव्हा काही वर्षांपूर्वी नवाकोरा पाहिलेला कडा त्याला असा ठोकून ठोकून झिजलेला दिसला. ह्यातल्या कितीतरी मेखा त्याने स्वतःच विकलेल्या. तेव्हा मेखा म्हणजे त्याच्या धंद्याचा ७० टक्के भाग.

दोघांनी ठरवलं की मेखांचा धंदा हळूहळू बंद करायचा.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबून परत वाचलं होतं, कारण शंभरातले सत्तर रुपये जिथून येतात ते दार स्वतःच्या हाताने लावायचं म्हणजे काय हे छोटा धंदा करणाऱ्यालाच कळतं. पर्याय हवेत नव्हता. इंग्लंड-वेल्समधले क्लायंबर आधी भेगेत दगडाचे खडे अडकवून त्याला दोर बांधायचे, मग रेल्वेच्या रुळांकडेला पडलेले नट उचलून त्यातून दोरी ओवून वापरायला लागले, आणि साठच्या सुरुवातीला खास चढाईसाठी केलेल्या ॲल्युमिनियमच्या पाचरी तिकडे विकायला आल्या. रॉयल रॉबिन्स हा अमेरिकन क्लायंबर तिकडे जाऊन ते शिकून आला आणि १९६७ मध्ये त्याने आणि लिझ रॉबिन्सने योसेमिटीत नटक्रॅकर हा मार्ग एकही मेख न ठोकता चढून दाखवला. शुनार्ड आणि फ्रॉस्टने त्याच कल्पनेवर हेक्सेन्ट्रिक आणि स्टॉपर केले, एक सहा बाजूंची पोकळ नळी आणि दुसरी तारेला लावलेली साधी पाचर. हाताने अडकवायची, हाताने काढायची, दगडाला ओरखडा नाही.

१९७२ च्या कॅटलॉगमध्ये त्यांनी मेखा का नकोत हे मालकांच्या नावाने लिहिलं आणि सोबत डग रॉबिन्सन ह्या क्लायंबरचा पाचरी कशा वापरायच्या ह्यावरचा १४ पानांचा निबंध छापला. मालाची यादी कमी आणि शिकवणी जास्त. काही महिन्यांत मेखांची मागणी ओसरली आणि पाचरी करता करता पुरेना. पुढच्याच वर्षी तिघांनी योसेमिटीतल्याच हाफ डोमचा वायव्य कडा हातोडा न नेता चढला, त्यात डग रॉबिन्सन स्वतः होता, आणि त्याचे फोटो नॅशनल जिओग्राफिकमध्ये आल्यावर वाद जवळपास मिटलाच.

कपड्यांचं थोडक्यात सांगतो कारण ते सगळ्यांना माहीत असतं. १९७० मध्ये शुनार्डने स्कॉटलंडहून एक जाड रग्बी शर्ट आणला, कॉलर घट्ट म्हणून खांद्यावरचा सामानाचा पट्टा मानेला कापत नाही, मित्रांनी मागितला, विकायला घेतला आणि १९७३ मध्ये कपड्यांसाठी पॅटागोनिया हे वेगळं नाव घेतलं. मध्येच एका कारखान्याला महिन्याला ३००० शर्टांची ऑर्डर दिली, माल उशिरा आला, धुतल्यावर आटला, आणि सगळा धंदा बुडता बुडता वाचला. फ्रॉस्ट दांपत्य १९७५ मध्ये बाहेर पडलं. पण कपड्याचा शिलाई दोष आणि हार्नेसचा शिलाई दोष ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि माझ्या मित्राने नेमकं इथून पुढे लक्ष देऊन वाचावं.

त्याच दशकात रे जार्डिन नावाच्या, आधी अंतराळ क्षेत्रात काम केलेल्या माणसाने स्प्रिंगवर फाकणारं अवजार केलं, समांतर भेगेत पाचर टिकत नाही तिथे हे टिकतं. बरीच वर्षं ते गुपचूप वापरलं, पिशवीत झाकून न्यायचे. शेवटी मार्क व्हॅलन्स ह्या इंग्रज मित्राने त्यासाठी १९७७ मध्ये डर्बीशायरमध्ये वाइल्ड कंट्री ही कंपनी काढली आणि १९७८ पासून 'फ्रेंड' बाजारात आले. एक वस्तू, एक छोटी कंपनी, आणि जगभरच्या चढाईची पद्धत बदलली.

आता खटल्यांकडे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत चढाईचं सामान चढाईबाहेरचे लोक पण वापरायला लागले आणि शुनार्ड इक्विपमेंटवर दावे लागले. एक खिडक्या पुसणारा, एक प्लंबर, एक रंगमंचावर काम करणारा, आणि एका ठिकाणी तर चढाईचा दोर रस्सीखेचीला वापरलेला. सगळ्यात गंभीर दावा होता तो नवशिक्यांच्या वर्गात हार्नेस चुकीचा बांधून मेलेल्या माणसाच्या घरच्यांचा. माल तुटला असा दावा नव्हता, दावा असा की धोक्याची सूचना पुरेशी दिली नाही. विम्याचा हप्ता भरमसाट वाढला. १९८९ मध्ये कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घेतला. म्हणजे पोलाद टिकलं, टाके टिकले, आणि धंदा कागदावर पडला. ज्या माणसाने सत्तर टक्के धंदा स्वतः सोडून दाखवला त्याला ह्या अडचणीतून मार्ग निघाला नाही.

मार्ग काढला तो तिथल्याच कामगारांनी. पीटर मेटकाफच्या पुढाकाराने त्यांनी पैसे जमवून कंपनीची मालमत्ता विकत घेतली, १ डिसेंबर १९८९ पासून ब्लॅक डायमंड हे नवं नाव, आणि १९९१ मध्ये सगळं बिऱ्हाड सॉल्ट लेक सिटीला. योगायोग बघा, त्याच डिसेंबर महिन्यात युरोपात संरक्षक साधनांचा नियम मंजूर झाला आणि १९९५ च्या जुलैपासून तो पूर्ण लागू झाला. दोर, हार्नेस, कॅराबिनर अशा ज्या वस्तूवर जीव टांगला जातो ती मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून सीई खूण लावल्याशिवाय तिथे विकता येत नाही. यूआयएए ह्या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाचे मानदंड १९६० पासून होते पण ते ऐच्छिक, हा कायदा. भट्टीवर घडवून डिकीतून विकायचे दिवस तिथे संपले. म्हणूनच आज जगभर घरगुती पातळीवर सामान करणारे बहुतेक लोक सॅक, तंबू, क्विल्ट (पांघरायची उबदार रजई), गेटर (बुटावरून पायाला बांधायचं कापडी आवरण) ह्यात दिसतात, हार्नेसमध्ये क्वचित. त्याचं कारण कौशल्य नाही, तपासणी आणि विम्याचा खर्च आहे.

आपल्याकडे चढाई काही नवी नाही, मुंबईची गिरिविहार संस्था १९५४ ची आहे. पण सामान कायम बाहेरून आलं किंवा जुगाड करून झालं. आमच्या क्लबच्या पेटीत लोहाराकडून करून घेतलेल्या मेखा अजून आहेत, बेसॉल्टवर झिजलेल्या, आणि आधीच्या पिढीने त्यावर सुळके चढलेत. माझ्या मित्राला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने स्वतः शिवलेला पहिला हार्नेस आणला, कमरेच्या पट्ट्याचे टाके मला मोजून दाखवले, आणि म्हणाला हा तपासायला पाठवतो, तिथे तोडून बघू देत, कितीवर तुटतो ते कळेपर्यंत कोणाला देणार नाही. तोपर्यंत सॅक चालू आहेत, ह्या पावसाळ्याआधी गेटर पण येतील.