बाहुलीनाट्य

बाहुलीनाट्य : निर्जीव आकृतीला हालचालीतून पात्र बनवणारी नाट्यकला. दोऱ्यांवरची कळसूत्री बाहुली, पंजात घालायची हातबाहुली, काठीबाहुली आणि पडद्यावर सावली पाडणारी छायाबाहुली हे तिचे मुख्य प्रकार. दोऱ्यांनी हलणाऱ्या बाहुल्यांचे उल्लेख प्राचीन ग्रीक लेखनातही आहेत. या कलेची खरी ओळख मात्र प्रकारांपेक्षा एका प्रश्नातून पटते : बाहुली खेळवणारा प्रेक्षकांना दिसतो की नाही?

व्हिएतनाममध्ये लाल नदीच्या खोऱ्यातील जलबाहुल्यांच्या खेळात तो दिसत नाही. कलावंत कमरेइतक्या पाण्यात, बांबूच्या पडद्याआड उभे राहतात आणि पाण्याखालून लांब काठ्यांनी लाकडी बाहुल्या नाचवतात. या खेळाचा उल्लेख ११२१ सालच्या शिलालेखात सापडतो. युरोपातील हातबाहुलीवालेही कापडी आडोशातच असत; इटलीतील पुल्चिनेल्ला हे पात्र इंग्लंडमध्ये जाऊन ‘पंच’ झाले, ते फिरत्या बाहुलीखेळांमुळे.

जावामधील ‘वायांग कुलित’ या छायानाट्यात निवड प्रेक्षकाची असते. पडद्याच्या एका बाजूला नुसत्या सावल्या, तर दुसऱ्या बाजूला म्हशीच्या चामड्याच्या रंगीत बाहुल्या आणि त्या खेळवणारा ‘दलांग’. रामायण-महाभारतातील सगळी पात्रे तो एकटाच बोलतो आणि गामेलान वाद्यवृंदाला इशारेही तोच देतो. पारंपरिक प्रयोग रात्रभर चालतो.

जपानमधील ओसाकाच्या ‘बुनराकू’ या बाहुलीनाट्याने तर आडोसाच काढून टाकला. ताकेमोतो गिदायू याने तेथे १६८४ मध्ये रंगमंदिर उघडले. चिकामात्सू मोन्झाएमोन याने त्यासाठी लिहिलेल्या नाटकांनी बाहुल्यांना शोकांतिकेची उंची दिली. १७३४ पासून एका बाहुलीला तीन कलावंत अशी पद्धत रूढ झाली. प्रमुख कलावंत डोके व उजवा हात हलवतो, दुसरा डावा हात आणि तिसरा पाय. स्त्रीपात्रांना बहुधा पायच नसतात. किमोनोची कड मुठींनी हलवून चालण्याचा भास निर्माण करतात. संवाद एक निवेदक शामिसेन या तंतुवाद्याच्या साथीने म्हणतो. सहायक काळ्या वेषात असतात, प्रमुखाचा चेहरा मात्र अनेकदा उघडा असतो. तरी नजर बाहुलीवरच खिळते, आणि हीच या कलेची सर्वांत कठीण सिद्धी. पायांसाठी दहा वर्षे, डाव्या हातासाठी आणखी दहा, असा शिक्षणाचा पारंपरिक हिशेब आहे.

आधुनिक रंगभूमीनेही उघड्यावर बाहुली खेळवण्याची पद्धत आपलीशी केली. दक्षिण आफ्रिकेच्या हँडस्प्रिंग पपेट कंपनीने २००७ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरसाठी घडवलेले पूर्णाकृती घोडे तीन-तीन कलावंत प्रेक्षकांदेखत चालवत.