दुप्पट माणसं म्हणजे दुप्पट काम नव्हे

धंदा वाढू लागला की एक सल्ला हमखास मिळतो: माणसं दुप्पट करा, काम दुप्पट होईल. हा हिशेब चुकीचा आहे आणि त्यापायी चांगले चाललेले व्यवसाय अडचणीत येतात, म्हणून हा खुलासा.

नवा माणूस पहिल्या दिवसापासून पूर्ण काम देत नाही. त्याला शिकवायला अनुभवी माणूसच गुंततो, म्हणजे सुरुवातीला एकूण काम घटतं. शिवाय माणसं वाढली की आपसात बोलून काम जुळवून घेण्याचा व्याप त्याहून वेगाने वाढतो: ५ जणांत एकमेकांशी बोलणाऱ्यांच्या १० जोड्या होतात, १० जणांत थेट ४५! आयबीएम या संगणक कंपनीच्या ओएस/३६० (संगणक चालवणारी मूळ प्रणाली) प्रकल्पाची धुरा सांभाळलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये हेच मांडलं: रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली तर तो आणखी रखडतो.

मग भरती करूच नये का? जरूर करावी. पॅकिंगसारखं सुटं वाटून देता येणारं काम जास्त हातांनी खरंच लवकर उरकतं. मालक आजारी पडला तरी धंदा चालू राहतो, हा फायदा तर मला सर्वांत मोठा वाटतो. मात्र विक्री होवो न होवो, पगार द्यावाच लागतो. म्हणून काम अंगावर कोसळण्याआधी, शिकवायला सवड असतानाच माणूस घ्यावा.